डागकाकूंचा हंसराज

लॉन्ड्रीवाल्या काकूंना सगळी गल्ली डागकाकू म्हणायची, आणि तेही तोंडावर. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. दुकान शोधत आलेल्या नव्या गिऱ्हाइकाला शेजारचा घड्याळवाला डोळ्यावरचं भिंग न काढताच सांगायचा, "ते काय, खिडकीत हिरवं झाड दिसतंय ना, तेच डागकाकूंचं दुकान. पण डाग निघेल का असं विचारू नका हं. चिडतात."

चिडायच्या खऱ्याच. 'निघत नाही' हे शब्द त्यांच्या कानाला सोसायचे नाहीत. दुसऱ्या लॉन्ड्रीवाल्यांनी हात टेकलेला कोट समोर आला की त्यांना चेव चढायचा. कोट टेबलावर पसरायचा, बाह्या वर सारायच्या आणि वाकून त्या डागालाच विचारायचं, "हं, सांग बाबा, कुठून आलास?" दारात गाडीतून गाठोडी उतरवणारा नवरा एकदा म्हणाला, "इतक्या प्रेमानं माझी कधी विचारपूस केली नाहीस." काकू मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला घासायला घेतलं तर रंग उडेल. राहू द्या."

खिडकीतलं ते झाड म्हणजे हंसराज. काळ्या तारेसारखे बारीक देठ आणि त्यांवर छोट्या पंख्यांसारखी पानं. पाणी शिंपडलं तर पानावर थेंब ठरायचा नाही, घरंगळून जायचा. हे झाड काकूंनी विकत आणलेलं नव्हतं. तरुणपणी त्या ह्याच दुकानात हाताखाली कामाला होत्या. पुढे मालकीणबाई थकल्या, तेव्हा त्यांनी दुकान काकूंच्या हवाली केलं आणि जाताना म्हणाल्या, "बॉयलरची काळजी घे असं मी सांगत नाही, तो दुखलं-खुपलं की बोंबलतो. हा बिचारा बोलत नाही. ह्याच्याकडे बघ." काकूंनी बघितलं. इस्त्रीच्या वाफेनं दुकानाची हवा कायम दमट, खिडकीला ऊन फक्त सकाळचं, त्यामुळे हंसराजाचं चांगलं फावलं होतं. कुंडी दिसेनाशी झाली होती.

एका दुपारी बॉयलरचा व्हॉल्व्ह गळायला लागला म्हणून मेकॅनिक आला. काकू आणि त्यांचा नवरा एका हॉटेलचे धुतलेले पडदे पोचवायला गेले होते. दुकानात इस्त्री करणारी एक बाई तेवढी होती, तीही मागे कपडे वाळत घालत होती. मेकॅनिकला खिडकीजवळच्या पाइपापर्यंत हात पोचेना. त्यानं कुंडी उचलली आणि समोर जी सपाट जागा दिसली तिथे ठेवली. ती जागा म्हणजे बॉयलरचा माथा. मग त्यानं व्हॉल्व्ह बदलला, आणि काम चोख झालं की नाही हे बघायला बॉयलर पूर्ण दाबावर चालवून बराच वेळ बाहेर गप्पा मारत उभा राहिला.

काकू परतल्या तेव्हा हंसराज जळलेल्या कागदासारखा झाला होता. पानाला बोट लावलं की चुरा. कुंडी इतकी तापलेली की फडक्याशिवाय हात लागेना.

"काकू, चुकलं माझं," मेकॅनिक ओशाळून म्हणाला. "उद्याच्या उद्या नवीन आणून देतो. ह्याच्याहून मोठं."

"तू व्हॉल्व्ह चांगला बसवलायस," काकू म्हणाल्या. "आता जा."

त्यांनी जळलेले देठ कापले, कुंडी गार केली, पाणी घातलं, वाट पाहिली. कोंब येईना. शेवटी माती उकरली तेव्हा आतलं खोड उकडलेल्या भाजीसारखं मऊ झालेलं हाताला लागलं. तेव्हा कुठे त्यांनी मालकीणबाईंना फोन केला आणि झालं ते जसंच्या तसं सांगितलं.

"जाऊ दे गं," मालकीणबाई म्हणाल्या. "झाडं मरतात. दुसरं आण."

"दुसरं आणलं तर ते दुसरंच असेल, बाई."

"मग काय करणार आहेस?"

"ते अजून ठरायचंय," काकू म्हणाल्या.

ठरलं ते रविवारी. काकूंची नणंद कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. दर रविवारी ती दुकानालगतच्या घरी भावाकडे जेवायला यायची, आणि जेवण कमी, वाद जास्त असा बेत असायचा. नणंद-भावजयींचं एकमेकींवाचून पानही हलत नसे, पण हे कबूल करायची दोघींचीही तयारी नव्हती. नणंदेनं रिकामी खिडकी पाहिली, हकीकत ऐकली आणि म्हणाली, "वहिनी, त्याची पानं आहेत माझ्याकडे. दर वर्षी मुलांना दाखवायला नेते ना मी, तशी ह्याही वर्षी नेली होती. टीपकागदात वाळवून ठेवलीत."

"वाळकी पानं घेऊन काय करू, वन्सं? खिडकीला चिकटवू?"

"पान नको. पानाखालचं हवंय." नणंदेनं टेबलावरचा एक शर्ट ओढला आणि त्याची खालची दुमड दाखवली. "ही बघा, कड कशी आत मुडपून शिवलीय. हंसराजाच्या पानाची कड अशीच आत मुडपलेली असते, आणि त्या दुमडीखाली तपकिरी ठिपके असतात. त्यात बीजाणू. धुळीसारखे बारीक. हंसराज म्हणजे नेचा, फर्न. नेच्यांना फूल नाही, बी नाही. सगळा संसार त्या धुळीवर."

"म्हणजे ती धूळ पेरली की हंसराज उगवतो?"

"पुस्तकात उगवतो. खरं सांगू? मी कॉलेजात दोनदा करून पाहिलंय. जमत नाही ते."

जेवता जेवता काकूंच्या नवऱ्यानं घास तसाच ताटात ठेवला. "ताई," तो म्हणाला, "हे शेवटचं वाक्य तू का बोललीस?"

पण बाण सुटला होता. काकू म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी ती पानं घेऊन या."

नणंदेनं पानं आणली. पांढऱ्या कागदावर झटकली तर चिमूटभर तपकिरी पूड पडली. कोळशाच्या इस्त्रीतून सांडणाऱ्या राखेइतकीही नव्हती. काकूंनी तिचे भाग केले. सगळा माल एकाच वेळी पाण्यात घालायचा नाही, हे त्या डागांकडून शिकल्या होत्या. एक भाग बागेतल्या मातीवर पेरला, वर काच ठेवली आणि कुंडी मागच्या खोलीत शेल्फवर ठेवली. काही दिवसांनी मातीवर पांढरी लव आली. काकूंनी कौतुकानं नवऱ्याला हाक मारली. तो जवळ गेला आणि नाक धरून मागे आला. बुरशी होती.

"मातीत आधीच बिऱ्हाडं आहेत, वहिनी," नणंद म्हणाली. "ती उठवल्याशिवाय नव्या भाडेकरूला जागा नाही. माती उकळावी लागेल."

"उकळायची कशाला? माझ्याकडे वाफ काय कमी आहे?" काकूंनी माती जुन्या उशीच्या खोळीत भरली, तोंड बांधलं आणि खोळ वाफेच्या टेबलावर ठेवून चांगली वाफवून काढली. सगळ्या दुकानात पावसाळी शेतासारखा वास सुटला. डॉक्टरांचे कोट न्यायला आलेला दवाखान्यातला माणूस हुंगत म्हणाला, "काकू, आज काय धुताय?" "जमीन," काकू म्हणाल्या.

ह्या खेपेला बुरशी आली नाही. मातीवर हिरवी साय धरली, सुरेख, एकसारखी. काकूंना हर्ष मावेना. घड्याळवाल्याला दाखवून झालं, मेकॅनिकला मुद्दाम बोलावून दाखवून झालं. रविवारी नणंदेनं त्यातलं टोकभर काचपट्टीवर नेलं आणि सोमवारी कॉलेजातून फोन केला. ती जपून बोलत होती.

"वहिनी, बसलायत ना? ते शेवाळ आहे."

काकूंनी शेल्फवरच्या कुंडीकडे पाहिलं.

"पाणी कुठलं घातलंत?"

"गच्चीवरच्या टाकीचं."

"तिथूनच आलं. अहो, पण नुसतं शेवाळ म्हणून हिणवू नका. हिरवं शेवाळ म्हणजे ह्या सगळ्यांच्या घराण्यातला मूळ पुरुष. तुमचा हंसराज, बाहेरचं झाड, सगळे पाण्यातल्या असल्याच हिरव्या शेवाळापासून निघाले आणि हळूहळू जमिनीवर आले."

"मूळ पुरुषाचा मान राखते," काकू म्हणाल्या, "पण मी पाहुणा वेगळा बोलावला होता." आणि त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी एका टेबलक्लॉथचा डाग असा काढला की कापडाला नवल वाटावं.

तिसऱ्या खेपेला त्यांनी इस्त्रीत घालायचं शुद्ध पाणी वापरलं. माती वाफवलेली, पाणी शुद्ध, कुंडी उकळत्या पाण्यानं धुतलेली. फक्त काच नीट बसत नव्हती आणि मागच्या खोलीची खिडकी उघडी राहायची. खिडकीबाहेर गळक्या पाइपाखाली ओली भिंत होती. महिना-दीड महिन्यानं मातीवर हिरवी मखमल उगवली. नणंदेनं भिंग लावलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"मॉस?" काकूंनी स्वतःच विचारलं. आता त्यांनाही थोडं कळायला लागलं होतं.

"मॉस. भिंतीवरून उडून आलं. त्याचेही बीजाणूच असतात."

"अगं, शेवाळ झालं, मॉस झालं," नवरा म्हणाला, "ह्या वेगानं पुढच्या वर्षी आपल्याकडे नारळ लागेल." दोघी हसल्या नाहीत म्हणून तो गाडी पुसायला निघून गेला. पण रात्री जेवताना त्यानं सरळ विचारलं, "किती दिवस चालवणार आहेस हे? त्या मेकॅनिकनं आणलेलं झाड काय वाईट आहे? चांगलं पान सुटलंय त्याला."

मेकॅनिकनं खरंच रबराचं एक रोप आणून दिलं होतं आणि ते दरवाजाशी झकास वाढत होतं.

"वाईट काहीच नाही," काकू म्हणाल्या. "पण माझा डाग अजून निघालेला नाही. पूड संपली की थांबेन. त्याआधी नाही."

पूड शेवटच्या चिमटीवर आली होती.

ह्या खेपेला त्यांनी झाकण घट्ट बसणारे प्लॅस्टिकचे डबे घेतले. माती दोनदा वाफवली. खोलीची खिडकी लावली, पंखा बंद केला, डोक्याला कापड बांधलं आणि श्वास रोखून पूड भुरभुरवली. झाकणं लावली ती लावलीच. पाणी लागलं तर डब्याच्या तळाला पाडलेल्या भोकातून ओढू द्यायचं, वरून एक थेंब नाही. शेवाळ, मॉस, दोन्ही संकटं वरून आली होती, म्हणून वरचा रस्ताच बंद.

आणि ते लागू पडलं. आधी हिरवे ठिपके दिसले, मग नखाच्या टोकाएवढ्या चपट्या पाकळ्या, आणि प्रत्येकीचा आकार हृदयासारखा, वर एक खाच असलेला. नणंदेनं डबा उजेडात धरला आणि तिचा आवाज चढला. "वहिनी! हेच ते! हाच नेचा!"

"हा? काळा देठ कुठे आहे? पंखे कुठे आहेत?"

"येतील. थांबा थोडं."

काकू थांबल्या. हृदयं वाढली, कडेनं चुण्या पडल्या, एकमेकांवर रेलली. पंखा काही येईना. कॉलेजात परीक्षा सुरू झाल्या होत्या, नणंदेचे रविवार पेपर तपासण्यात जात होते. काकू रोज सकाळी डबा झाकणातून बघायच्या आणि झाकण तसंच ठेवून कामाला लागायच्या. ऋतू बदलला, लोकरीचे कपडे यायला लागले, हृदयं हृदयंच राहिली. काही कडेनं तपकिरी पडायला लागली.

शेवटी एका संध्याकाळी त्या डबा पिशवीत घालून थेट नणंदेच्या घरी गेल्या. नणंद पेपरांच्या ढिगात बसली होती.

"वन्सं, पेपर ठेवा बाजूला. हे मरायला लागलंय. थांबा म्हणालात, मी थांबले. आता नीट सांगा, हे वाढून हंसराज होतं की नाही?"

"नाही," नणंद म्हणाली. मग स्वतःशीच थबकली. "अरे देवा. हे मी तुम्हाला सांगितलंच नाही का? मला वाटलं सांगितलं."

"काय?"

नणंदेनं चष्मा काढला. "हे वाढून हंसराज होत नाही. हे स्वतःच पुरं झाड आहे, वेगळं. नेच्याच्या घरात दोन पिढ्या असतात आणि दोघींचं तोंड वेगळं. एक तुमच्या खिडकीतली पंखेवाली. ती बीजाणू टाकते. त्या बीजाणूंतून ही चपटी पिढी येते. हिच्या अंगावर खालच्या बाजूला नर पेशी तयार होतात आणि अंडपेशीही. त्यांचं मीलन झालं की मग पुन्हा पंखेवाली."

"सासू-सून."

"अगदी. मॉसच्या घरात ही हिरवी पिढी कारभारी. दुसरी तिच्याच डोक्यावर उभी राहते, तिच्याच हातचं खाते. नेच्यात दोघींच्या चुली वेगळ्या. आणि फुलझाडात ही इतकी आकसलीय की फुलाच्या पोटात लपून बसलीय, कुणाला दिसतही नाही."

"बरं, मग माझ्या घरात मीलन का होत नाही?"

नणंदेनं डबा हातात घेतला, तिरका केला, झाकणाकडे पाहिलं. "पाणी वरून कधी घालता?"

"कधीच नाही. खालून देते. वरून दिलं की शेवाळ येतं, तुम्हीच म्हणालात."

"आणि हंसराजाचं लग्न तिथेच अडलंय," नणंद म्हणाली. "त्या नर पेशी पोहतात, वहिनी. फुलांसारखा वारा नाही, माशी नाही. अंगावर पाण्याचा पातळ थर असला तरच पोहून अंडपेशीपर्यंत पोचतात. जमिनीवर येऊन इतका काळ झाला, पण ह्यांनी पाण्याची ती एक सवय सोडली नाही. तुम्ही इतकं जपलंत, इतकं जपलंत, की त्यांच्या वाटेतलं पाणीच काढून घेतलंत."

काकू झाकणावर बोट टेकवून म्हणाल्या, "म्हणजे झाकण उघडून वरून पाणी मारायचं."

"हो. पण एक सांगते. उघडलं की बुरशी येऊ शकते. शेवाळ येऊ शकतं. ही गेली तर माझ्याकडे एकही पान उरलेलं नाही. थोडे डबे बंदच ठेवा, बाकीच्यांवर करून बघा."

"बंद ठेवले त्यांचं काय होईल?"

नणंदेनं डबा वहिनीकडे सरकवला. तपकिरी कडा दोघींना दिसत होत्या.

"मग सगळे उघडते," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दुकानाचं दार उघडायच्या आधी शर्टावर मारायची फवारणीची बाटली उकळत्या पाण्यातून काढली, इस्त्रीचं शुद्ध पाणी उकळून गार करून तीत भरलं. नवऱ्याला मागच्या खोलीच्या दाराशी उभं केलं, कुणाला आत येऊ द्यायचं नाही म्हणून. झाकणं एकेक करून निघाली. काकूंनी अगदी बारीक फवारा मारला, कॉलरला मारतात तसा, दुरून आणि हलक्या हातानं, हृदयं चकाकायला लागेपर्यंत. नवऱ्यानं ते पाहिलं आणि ह्या वेळी एकही विनोद केला नाही.

त्यानंतर त्या रोज फवारत राहिल्या. एका डब्यात बुरशी आलीच. त्यांनी तो डबा उचलला, रस्त्यापलीकडे नेऊन टाकला, हात साबणानं धुतले आणि बाकीचे फवारले. दुसऱ्या डब्याच्या कोपऱ्यात शेवाळ धरलं. तो कोपरा चमच्यानं खरवडून काढला आणि बाकीचं फवारलं. घड्याळवाल्यानं विचारलं, "काकू, काही आशा?" त्या म्हणाल्या, "आशेचं मला विचारू नका, मी पाणी मारतेय."

कोंब पहिल्यांदा नवऱ्याला दिसला. त्यानं तो दिसूनही हाक मारली नाही, कारण मागच्या तिन्ही खेपांना त्यानं हाका ऐकल्या होत्या. त्यानं घड्याळवाल्याकडून भिंग मागून आणलं, खात्री केली आणि मग इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "अगं, जरा ये. सूनबाई आली वाटतं."

एका हृदयाच्या खाचेतून केसाएवढा देठ वर आला होता आणि त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा एक पंखा होता. काकूंनी भिंग डोळ्याला लावलं. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. बाहेर गिऱ्हाईक घंटी वाजवत होतं, त्याच्याकडे नवरा गेला.

पुढच्या दिवसांत बाकीच्या हृदयांतूनही कोंब आले, सगळ्यांतून नाही, पण पुरेसे. ते छोट्या कुंड्यांत हलवताना काही दगावले. काकूंनी नखानं नव्हे, काडीनं उचलायला सुरुवात केली तेव्हा पुढचे तगले. देठ आधी हिरवट, मग तपकिरी, मग एके दिवशी काळे कुळकुळीत झाले. सगळ्यांत धीट रोप गाडीत मांडीवर धरून काकू मालकीणबाईंच्या घरी गेल्या. मालकीणबाईंनी पान बोटावर घेऊन त्यावर पाणी शिंपडलं. थेंब घरंगळला.

"हाच आहे," त्या म्हणाल्या. "कुठे मिळाला?"

"मिळाला नाही, बाई," काकू म्हणाल्या. "काढला." आणि सबंध हकीकत पहिल्यापासून सांगायला बसल्या. मालकीणबाईंनी सून-मुलाला हाक मारून त्यांनाही ऐकायला बसवलं.

नणंदेला मात्र वेगळंच हवं होतं. मॉसची कुंडी काकूंनी फेकली नव्हती, शेवाळाचीही नाही. जिवंत आहे तर असू दे, म्हणून दोन्ही मागच्या शेल्फवर राहिल्या होत्या. हृदयांच्या एका डब्यात अजून दोन्ही पिढ्या शेजारी दिसत होत्या. नणंद म्हणाली, "वहिनी, हे सगळं पंधरा दिवस कॉलेजला द्या. मी इतकी वर्षं फळ्यावर चित्रं काढतेय. मुलांना खरं बघू दे."

"देते," काकू म्हणाल्या. "पण तुमच्या हाती नाही. मी स्वतः घेऊन येईन आणि स्वतः फवारेन. तुमचं दोनदा जमलं नव्हतं."

नणंद रागावणार होती, पण तिला हसू आलं. "या मग. सकाळी साडेदहाचा तास आहे. उशीर करू नका."

"साडेदहाला मला जमणार नाही," काकू म्हणाल्या. "दवाखान्याचे कोट साडेदहाला जातात. अकरा म्हणा."

तास अकराला ठेवला गेला.